मंडईला नाव फुल्यांचे, गाळा कुणाचा?

भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या पट्ट्यातली पहिल्या पिढीची व्यापारी संकुले आता थकली आहेत. स्लॅब गळतात, गाड्या लावायला जागा नाही, गिऱ्हाईक मॉलकडे आणि मोबाईलकडे वळले आहे. त्यामुळे ‘पुनर्विकास’ हा शब्द जो तो वापरू लागला आहे. आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात नाही. पडायला आलेल्या छताखाली कुणी धंदा का करावा? पण नवी इमारत उभी राहते तेव्हा जुन्या बाजारातली कोणती माणसे आत जातात आणि कोणती बाहेर राहतात, हे इतिहासाला विचारल्याशिवाय आपल्या कार्यकर्त्यांनी या चर्चेत उतरू नये.

आधी आपल्याच गावाचा इतिहास पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि भोसरीच्या शेतजमिनींवर एमआयडीसी उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महापालिका झाली. दरम्यान १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. त्या काळात आणि पुढेही मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून माणसे इथे पोटासाठी येत राहिली. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते.

या शहरात दोन बाजार एकाच वेळी वाढले. एक बाजार नकाशातला. प्राधिकरणाने पेठा पाडल्या, इंद्रायणीनगरसारख्या वसाहती आखल्या, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. दुकानांची जागाही त्याच नकाशात ठरली. तिथे शिरायला अनामत रक्कम लागे, कागदपत्रे लागत, लिलावात बोली लावण्याची ऐपत लागे. दुसरा बाजार जमिनीवरचा. तो कंपनीच्या गेटवर, चौकात, आळंदी रस्त्याच्या कडेला, पुणे-नाशिक रस्त्यावर आणि पुढे उड्डाणपुलाखाली बसला. शिफ्ट सुटल्यावर कामगार ज्या पाटीतून कांदा-मिरची-कोथिंबीर घेऊन खोलीवर जात असे, ती पाटी या दुसऱ्या बाजाराची. कामगारांचे शहर या बाजाराने जगवले, पण त्याची नोंद कुठल्याही नकाशात झाली नाही.

ही विभागणी भोसरीत जन्मलेली नाही. पुण्यात पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर बाजार भरत असे. नगरपालिकेने त्याऐवजी लाखो रुपये खर्चून दगडी मंडई बांधायचे ठरवले. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून या नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला आणि तो पैसा शिक्षणासाठी वापरावा अशी भूमिका घेतली. फुले बाजाराचे शत्रू नव्हते. ज्यांच्या घराण्याला आडनावच फुलांच्या व्यवसायातून मिळाले आणि जे स्वतः कंत्राटी कामे करत, त्यांना व्यापार कळत नव्हता असे कोण म्हणेल? त्यांचा प्रश्न साधा होता. सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेव्हा त्यातून सर्वात खालच्या माणसाला काय मिळते?

फुल्यांचा विरोध टिकला नाही. मंडई बांधली गेली, १८८६ मध्ये खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिचे ‘महात्मा फुले मंडई’ असे नामकरण झाले. त्या नामकरणाचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव लागले, आणि त्यांचा प्रश्न मात्र त्या नावाखाली झाकला गेला. उद्या भोसरीतल्या एखाद्या नव्या चकचकीत संकुलाला बाबासाहेबांचे किंवा सावित्रीमाईंचे नाव देण्याची घोषणा होईल, आणि आपण टाळ्या वाजवू. टाळ्या वाजवण्याआधी गाळ्यांची यादी मागायला हवी.

कारण बाजार कधीच जातीबाहेर नव्हता. अस्पृश्याच्या हातचे दूध, भाजी, चहा घेणार कोण? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. एका दलित माणसाचे दुकान चालावे म्हणून छत्रपतींना गिऱ्हाईक व्हावे लागले, यावरून त्या काळचा बाजार समजतो. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानांमध्ये प्रवेशाचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने घ्यावा, त्यात न्हावी आणि धोबी यांच्या सेवाही येतात, असे स्पष्ट केले.

पण हा झाला विकत घेणाऱ्याचा हक्क. विकणाऱ्याच्या हक्काचा आधार कलम १९ मधल्या व्यवसायस्वातंत्र्यात आहे. १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या विक्रीला वाजवी निर्बंधांसह हे संरक्षण मान्य केले. त्यानंतर २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा आला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवे. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व असावे, असेही त्यात आहे.

आता पुनर्विकासाचे गणित पाहा. विकासक सर्वात आधी पात्र गाळेधारकांची यादी मागतो. त्यांना नव्या इमारतीत जागा द्यायची आणि वाढीव चटईक्षेत्र विकून नफा काढायचा. ज्याच्याकडे कागद आहे, तो या गणितात शिरतो. पायरीवर वीस वर्षे बसलेली मावशी, गाळ्यात पोटभाड्याने शिलाई मशीन चालवणारा, दुकानातला नोकर आणि बाहेरचा हमाल शिरत नाहीत. त्यांना कुणी ‘हाकलले’ असेही दिसत नाही. काम सुरू होते, पत्रे लागतात आणि ते नाहीसे होतात.

गाळेधारक आपले शत्रू नाहीत. त्यांतले अनेक जण बहुजन कुटुंबांतले छोटे दुकानदार आहेत आणि वर्षानुवर्षे भाडे भरत आले आहेत. वाहतुकीचा त्रासही खरा आहे. पण एका गरिबाचा हक्क दुसऱ्या गरिबाला यादीबाहेर ठेवून शाबूत राहत नाही. विकासक दोघांनाही वेगवेगळे गाठतो, म्हणून दोघांनी एकत्र बसायला हवे.

१९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कागदावरचा हक्क आपल्या पायांनी तिथवर गेल्याशिवाय खरा होत नाही. म्हणून नकाशा मंजूर होण्याआधी कामाला लागा. आपल्या बाजारातल्या प्रत्येक विक्रेत्याची नोंद सर्वेक्षणात आहे का, ते तपासा. जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या, फोटो गोळा करा. समितीत आपले कोण आहे आणि तिची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नव्या आराखड्यात ओट्यांची संख्या लेखी मागा. शिकलेल्या तरुणांनी एवढे केले, तर मंडईवर कुणाचेही नाव असो, फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागेल.

जय भीम! जय जोती!