खावटीच्या मुलखात भूक मारणारी सुई

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी मला आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन लिहून दिले. मधुमेहाला बारा वर्षे झाली, वजन ९४ किलो, गोळ्या पुरेनाशा झालेल्या. साखर उतरेल, वजन उतरेल, पण भूक कमी होईल, पहिले काही आठवडे मळमळेल, असे त्यांनी सांगितले. मी घरी आलो तेव्हा टेबलावर आजोबांची जुनी वही उघडी होती. आजोबा डहाणूला गवताच्या वखारीवर दिवाणजी होते. त्या वहीत खावटीचा हिशेब आहे: पाड्याचे नाव, माणसाचे नाव, धान्याच्या पायल्या आणि शेवटी अंगठा.

खावटी म्हणजे पावसाळ्यात घरातले भात संपले की सावकाराकडून खाण्यापुरते उसने आणलेले धान्य. पीक आले की ते दीडपट, कुठे दुप्पट करून परत करायचे. ते फिटले नाही की गडी सावकाराच्या शेतावर राबायचा. लग्नासाठी कर्ज काढणारा तर बायकोसकट अडकायचा. त्याला लग्नगडी म्हणत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने ठाणे जिल्ह्यातली ही वेठ सरकारी अहवालात नोंदवली. सरकारने फारसे काही केले नाही. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वेठ बंद झाली. पुढचा लढा गवताच्या मजुरीचा होता: ५०० पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही जण गेले. तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला.

आमच्या वहीत १९४५नंतरची पाने कोरी आहेत. आजोबांनी याविषयी घरात कधी अवाक्षर काढले नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, या औषधाच्या इतिहासातही उपासमार आहे, फक्त एका सरड्याची. अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर वर्षातून मोजक्या वेळा खातो. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे जॉन एंग यांना १९९२च्या सुमारास त्याच्या विषात एक द्रव्य सापडले. जेवल्यावर आपल्या आतड्यात जीएलपी-१ नावाचे संप्रेरक तयार होते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते, पण दोन-तीन मिनिटांत विरते. सरड्याचे द्रव्य तेच काम करून कितीतरी जास्त टिकत होते. त्यावरून २००५ साली दिवसातून दोनदा टोचायचे औषध आले. पुढे डेन्मार्कमध्ये लोटे बियेरे क्नुडसेन यांच्या गटाने मानवी संप्रेरकालाच मेदाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, म्हणून सेमाग्लुटाइड आठवडाभर पुरते.

डेन्मार्कच का, यालाही एक घरगुती कारण आहे. शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या पत्नी मारी, स्वतः डॉक्टर, मधुमेही होत्या. १९२२ साली दोघे अमेरिकेला गेले, क्रोग यांनी टोरांटोहून इन्शुलिन बनवण्याची परवानगी आणली आणि कोपनहेगनला कारखाना निघाला. आजची नोव्हो नॉर्डिस्क कंपनी त्याच वंशातली. तिची प्रतिस्पर्धी एलाय लिली हिनेही त्याच वर्षी टोरांटोकडून इन्शुलिन घेतले होते. शंभर वर्षांनी हीच दोन घराणी भारतात समोरासमोर आली. लिलीचे मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड, मार्च २०२५मध्ये आले आणि नोव्होचे वेगोव्ही जूनमध्ये. मौंजारोच्या सर्वांत लहान मात्रेची एक कुपी सुरुवातीला ३,५०० रुपयांना होती, त्यापुढची ४,३७५ला. कुपी आठवड्याला एक. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंत होती. त्यानंतर देशी कंपन्या उतरतील आणि भाव पडतील, अशी आशा होती.

मी पहिली सुई पोटावर घेतली तेव्हा हात थरथरला, हे कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात ताटात अर्धी भाकरी राहिली. आमच्या घरात ताटात टाकणे हे पाप. ती भाकरी झाकून ठेवताना मला वही आठवली, आणि वाडीवर चिकू उतरवायला येणारा गडीही.

तो वारली, पन्नाशीचा, अंगाने काडी. त्यालाही मधुमेह आहे. जाड माणसाचा आजार म्हणून सुरुवातीला कोणाला संशयच आला नाही. चरकाने प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे वेगळे काढले आणि कृशाला पोषण द्यायला सांगितले, हे आपण विसरलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची, पण आपल्या बाळांच्या कातडीखाली चरबी टिकून होती. २००४ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. माझे ९४ किलो एवढ्याने माफ होत नाहीत, पण आईच्या पोटातली टंचाई म्हातारपणापर्यंत पोचते हे त्यांनी दाखवले.

कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली वेगळा प्रकार मानले आणि १९९९ साली तो यादीतून काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांनी २०२२ साली अशा कृश रुग्णांत इन्शुलिनच कमी पडते असे दाखवले. एप्रिल २०२५मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. म्हणजे माझे औषध भारतात आले त्याच्या पुढच्याच महिन्यात. आमच्या गड्याचा आजार नेमका तोच, असे मी म्हणणार नाही; तशी तपासणी झालेली नाही. पण माझी सुई आपल्याला चालेल का, असे त्याने विचारले तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. ज्याच्या अंगावर उतरवायला मांसच नाही, त्याची भूक मारून काय करायचे? त्याला इन्शुलिन चालू आहे, आणि दोन वेळा पोटभर जेवायला सांगितले आहे. ते दुसरे औषध कुठल्या दुकानात मिळते, हे त्याने मला विचारले नाही. २०२० साली सरकारने आदिवासी कुटुंबाला ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले, अर्धे रोख आणि अर्धे धान्य-वस्तूंत. माझी एका आठवड्याची कुपी त्याहून महाग आहे.

त्याच्या पाड्यावर वीज जाते, म्हणून त्याच्या शिल्लक कुप्या माझ्या फ्रीजमध्ये असतात. मागच्या रविवारी तो कुपी न्यायला आला तेव्हा वही बाहेर होती. आपल्या आजाचे नाव त्यात आहे का, असे त्याने विचारले. आम्ही दोघांनी मिळून एकोणीस पाने पाहिली. त्याचा पाडा दोनदा सापडला, पण तिथे नुसते 'वारली' असे लिहून अंगठा घेतला आहे. अजून चाळीस पाने पाहायची आहेत.