जन्माने गुन्हेगार? एका कायद्याने लाखो माणसांवर मारलेला शिक्का

चोरी केल्यावर माणूस चोर ठरतो. पण चोर ठरण्यासाठी चोरी करण्याचीही गरज नसेल, फक्त विशिष्ट जमातीत जन्म घेणं पुरेसं असेल तर? भारतात तब्बल 81 वर्षं असा कायदा होता. त्याचं नाव 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट', म्हणजेच गुन्हेगार जमाती कायदा. तो 1952 साली रद्द झाला, पण त्याने मारलेला शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

कायदा नेमका काय होता?

ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये हा कायदा आधी उत्तर भारतात लागू केला. 1911 मध्ये तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह देशभर लागू करता येईल असा झाला. सरकार एखाद्या जमातीला 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करू शकत होतं आणि त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं.

एकदा नाव यादीत आलं की जमातीतल्या लोकांची नोंदणी व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरलेल्या वेळी पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची. गाव सोडायचं तर पास लागायचा. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडणं हाच गुन्हा होता. मुलांना आईवडिलांपासून वेगळं ठेवण्याचीही तरतूद होती. 1871 च्या याच कायद्यात तृतीयपंथीयांच्या नोंदणीचाही एक भाग होता.

यामागचा तर्क असा होता: भारतात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, मग गुन्हेगारी हाही पिढीजात धंदा असणार. जातिव्यवस्थेची ही अशी समजूत थेट फौजदारी कायद्यात उतरली.

याच जमाती का?

यादीत आलेल्या अनेक जमाती भटक्या होत्या. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. रेल्वे आली आणि तो व्यापार बसला. पारधी शिकारीवर जगायचे, पण 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलांवर सरकारी बंधनं आली. एका ठिकाणी न राहणाऱ्या माणसाकडून सारा वसूल करणं अवघड आणि त्याच्यावर नजर ठेवणं त्याहून अवघड. त्यामुळे सरकारला भटकणं हेच संशयास्पद वाटू लागलं. जगण्याचं साधन आधी गेलं आणि त्यानंतर कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का बसला.

तारेच्या कुंपणामागे

'सुधारणे'साठी या लोकांना वसाहतींमध्ये डांबलं जाई. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी या वसाहती होत्या. सोलापूरच्या वसाहतीतले लोक तिथल्या गिरण्यांमध्ये कामाला जात. म्हणजे सुधारणेच्या नावाखाली गिरण्यांना हक्काचे मजूरही मिळत होते. सोलापुरात आजही 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव म्हणून टिकून आहे.

स्वातंत्र्य मिळालं, मग काय झालं?

अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. यादीतून मुक्त झालेल्या जमातींना 'विमुक्त' म्हटलं जाऊ लागलं. म्हणूनच 31 ऑगस्ट हा 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. या समाजांना स्वातंत्र्य पाच वर्षं उशिरा मिळालं, असं म्हणतात ते यामुळेच.

मात्र त्याच काळात राज्यांनी 'सराईत गुन्हेगार' कायदे आणले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा. कागदावर तो जमातीला नव्हे, तर व्यक्तीला लागू होतो. प्रत्यक्षात मात्र कुठे चोरी झाली की पोलिसांची पावलं आधी पारध्यांच्या पालांकडे वळतात, ही तक्रार या समाजाचे लोक आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये भारताला हे कायदे रद्द करण्याची सूचना केली होती.

हा शिक्का किती खोल होता, हे 2024 मध्ये पुन्हा दिसलं. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये तोपर्यंत जातीनुसार कामाची वाटणी होती आणि गुन्हेगार जमातींचे उल्लेखही शिल्लक होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

साहित्यात ही माणसं कशी दिसली?

सुरुवातीला ती दिसली बाहेरच्यांच्या नजरेतून. फिलिप मेडोज टेलर या ब्रिटिश अधिकाऱ्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 मध्ये आली आणि इंग्लंडमध्ये गाजली. फिरस्त्याच्या वेशात येणारा गूढ, क्रूर खुनी ही प्रतिमा तिने घरोघर पोचवली. कायदा येण्याच्या कितीतरी आधी मनं तयार झाली होती.

मराठीत अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' या 1959 च्या कादंबरीने ही नजर उलटी केली. त्यात मांगवाड्यावर लादलेल्या हजेरीचा जाच येतो आणि सरकारच्या लेखी जो दरोडेखोर, तोच उपाशी लोकांसाठी लढणारा नायक ठरतो.

मग या समाजांतली माणसं स्वतः लिहू लागली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 मध्ये आलं. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या-कणग्या विणणाऱ्या कैकाडी समाजाचं जगणं त्यात आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (1987) मध्ये घरावर पडणारे पोलिसांचे छापे आहेत, मारहाण आहे आणि चोरीशिवाय दुसरा मार्गच न उरलेलं घरही आहे. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'आम्ही सगळे निर्दोष आहोत' असं ही पुस्तकं म्हणत नाहीत. 'उचल्या' चोरी लपवत नाही. ज्याला कोणी काम देत नाही, जमीन देत नाही, वस्तीला थारा देत नाही, त्याने खायचं काय, हा प्रश्न ती वाचकासमोर ठेवतात. नाकारणारे फक्त बाहेरचे नसतात, हेही ती सांगतात. शिकू पाहणाऱ्या मुलाची वाट गाव अडवतं, तशी जातपंचायतही अडवते.

पुस्तकाबाहेर काय बदललं?

1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या विमुक्त समाजातल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. लेखिका महाश्वेता देवी यांनी हे प्रकरण लावून धरलं आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. अहमदाबादच्या छारानगरमधल्या तरुणांनी 'बुधन थिएटर' सुरू केलं.

महाराष्ट्रात विमुक्त जातींना 3 टक्के आरक्षण आहे आणि भटक्या जमातींना वेगळं. पण जन्मदाखला, रेशन कार्ड, राहण्याचा पत्ता नसेल तर जातीचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याविना आरक्षण कागदावरच राहतं. ज्यांच्या पूर्वजांची नोंद सरकारने बोटांच्या ठशांसह ठेवली, त्यांनाच आज आपण कोण आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

आपल्या मोबाइलशी याचा काय संबंध?

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढा भागातले होते आणि ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. हा समाज भटका आहे. अनोळखी आणि फिरस्ता म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण मात्र तेच जुनं होतं.

1871 मध्ये एखाद्या समाजाला गुन्हेगार ठरवायला सरकारी अधिसूचना लागत होती. आता एक फॉरवर्ड पुरतो. 'सावधान, अशा वेशातले लोक दिसले तर...' असा मेसेज आला की दोन गोष्टी तपासा. त्यात नेमकी घटना, ठिकाण आणि पोलिसांचा दुजोरा आहे का? की फक्त वेश, भाषा आणि जमात आहे? दुसरं असेल तर तो मेसेज पुढे पाठवू नका. खरंच संशय आला तर 112 वर फोन करा आणि चौकशीचं काम पोलिसांवर सोडा.