पुराच्या दहा दिवस आधी : युरोपच्या ‘ईफास’ची वाटचाल

ऑगस्ट २००२मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एल्ब नदीने ९ मीटर ४० सेंटिमीटरची पातळी गाठली. त्सविंगर राजवाड्यात पाणी शिरले. त्याआधी प्रागमध्ये भुयारी रेल्वेची स्थानके बुडाली होती. नदी चेक देशातून जर्मनीत वाहते, पण पुराचा अंदाज देणारी खाती ज्याची त्याची वेगळी. एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळेनात आणि मदतकार्य करणाऱ्यांना विश्वास कोणावर ठेवावा ते कळेना. पूर ओसरल्यावर युरोपीय आयोगाने आपल्या संयुक्त संशोधन केंद्राला कामाला लावले. उत्तर इटलीत, माज्जोरे सरोवराकाठी इस्प्रा इथे हे केंद्र आहे. तिथे २००३पासून जी व्यवस्था उभी राहिली, ती आज ‘युरोपियन फ्लड अवेअरनेस सिस्टिम’, थोडक्यात ‘ईफास’, या नावाने ओळखली जाते.

पहिली अडचण होती धोक्याच्या पातळीची. प्रत्येक नदीच्या मोजपट्टीवरची जुनी नोंद मिळणे शक्य नव्हते. संशोधकांनी त्यावर तोड काढली. मागच्या अनेक वर्षांचे हवामान ‘लिसफ्लड’ या गणिती प्रारूपातून चालवायचे आणि त्यातून निघालेल्या विसर्गावरूनच त्या नदीची धोक्याची रेघ आखायची. प्रारूप पाणी थोडे जास्त दाखवत असेल, तर रेघही तेवढीच वर सरकते. तुलना बिघडत नाही.

दुसरी अडचण पावसाच्या अनिश्चिततेची. युरोपीय मध्यम-मुदत हवामान अंदाज केंद्र सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करत ५१ अंदाज काढते. ते सगळे प्रारूपात घातले, की किती वेळा रेघ ओलांडली जाते ते दिसते. दहा दिवस आधी ‘पूर येणारच’ असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण ‘शक्यता एवढी आहे, तयारीला लागा’ एवढे सांगता येते.

२०१२मध्ये ईफास प्रयोगशाळेतून बाहेर पडली आणि कोपर्निकस आपत्कालीन सेवेचा भाग झाली. गणिताचे काम हवामान केंद्राकडे गेले. इशारे देण्याचे काम स्वीडन, नेदरलँड्स आणि स्लोव्हाकियातल्या जाणकारांकडे. नियम असा ठरला, की ताजा इशारा फक्त त्या त्या देशाच्या खात्यांना द्यायचा. जनतेशी बोलायचे ते स्थानिक यंत्रणेनेच. नाहीतर २००२चा गोंधळ पुन्हा झाला असता.

जुलै २०२१मध्ये जर्मनीत आलेल्या महापुरात या रचनेची कसोटी लागली. ऱ्हाईनसारख्या मोठ्या नद्यांबद्दलचे इशारे काही दिवस आधी गेले होते. पण सर्वाधिक बळी गेले ते आर नदीच्या खोऱ्यात. हे खोरे जेमतेम ९०० चौरस किलोमीटरचे, आणि औपचारिक इशाऱ्यासाठी अट होती २,००० चौरस किलोमीटरची. जर्मनीत १८०हून अधिक माणसे दगावली. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. फेब्रुवारी २०२३मध्ये जर्मनीने परिसरातल्या प्रत्येक मोबाइलवर एकदम संदेश पाठवणारी यंत्रणा सुरू केली. त्याच वर्षी ईफासच्या नकाशाची चौकट ५ किलोमीटरवरून सुमारे दीड किलोमीटरवर आली.

२०२४ने हिशेब स्पष्ट केला. सप्टेंबरमध्ये ‘बोरिस’ वादळाचा पाऊस कित्येक दिवस आधी कळला आणि पोलंड-चेक भागात धरणे आधीच रिकामी करायला घेतली गेली. ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात हवामान खात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. मोबाइलवरचा संदेश मात्र रात्री आठनंतर निघाला. तोवर कित्येक गावांत पाणी भरले होते. २२०हून अधिक माणसे गेली. अंदाज होता, यंत्रणाही होती. निर्णय वेळेवर झाला नाही.

म्हणून युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमातल्या नागरी सुरक्षा विभागात आता उपग्रह आणि महासंगणकांबरोबरच समाजशास्त्रज्ञ, अग्निशमन दले आणि नगरपालिकांनाही कामात घेतले जात आहे. पुढचे संशोधन करायचे आहे ते दोन प्रश्नांवर : तीस टक्के शक्यतेवर गाव रिकामे करण्याचा हुकूम कोणी द्यायचा, आणि तो फुकट गेला तर हुकूम देणाऱ्याला पाठीशी कोणी घालायचे.