व्यक्तिचित्रातील 'दुरुस्ती' आणि तिची मर्यादा

छायाचित्रातील चेहरा किती सुधारावा हा प्रश्न संगणकाने निर्माण केला, असा समज आज रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात म्यूनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती, एक मूळ आणि एक निगेटिव्हवर हात फिरविल्यानंतरची, शेजारीशेजारी मांडल्या होत्या. वादाला तेव्हापासूनच तोंड फुटले.

'दुरुस्त' हा शब्द फारसीतून आलेला असून 'योग्य, बरोबर' असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे दुरुस्ती म्हटली की काहीतरी बिघडले होते हे गृहीत धरावे लागते. हा बिघाड काचेचा की चेहऱ्याचा, यावरच मर्यादेचा सारा प्रश्न अवलंबून आहे.

प्रारंभी तो निःसंशय काचेचाही होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला मुख्यतः निळा प्रकाश कळे. तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे डोळ्यांना जेमतेम जाणवणारे वांग आणि गालांवरची लाली चित्रात काळे डाग होऊन उमटत. ते पुसणे ही लबाडी नव्हती. प्रक्रियेने केलेल्या अन्यायाचे ते परिमार्जन होते.

परंतु हत्याराचाही स्वतःचा एक कल असतो. वार्निश दिलेली काच उतरत्या मेजावर उजेडासमोर ठेवून कारागीर टोकदार पेन्सिलीने काम करी. निगेटिव्हवरील पेन्सिलीची प्रत्येक रेघ छापताना प्रकाश अडविते व प्रतीत उजळ होऊन उतरते. उलट काही गडद करावयाचे तर चाकूने थर खरवडावा लागे, आणि हात चुकला की काच वाया जाई. गोऱ्या, गुळगुळीत चेहऱ्याची जी प्रथा पडली तिला लोकांच्या हौसेइतकीच ही सोयही कारणीभूत झाली असावी. वांगावरून निघालेली पेन्सिल सुरकुतीपाशी थांबली नाही. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी काचेवरचे दोषही तसेच राहू दिले. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ च्या आपल्या ग्रंथात या प्रथेवर कठोर टीका केली. व्यवसायावर तिचा परिणाम फारसा दिसत नाही.

१८७३ साली बर्लिनच्या हेर्मान व्होगेल यांनी रंगद्रव्यांच्या साहाय्याने काचेची वर्णसंवेदना वाढविली, आणि १९०६ पासून सर्व रंग टिपणाऱ्या काचा इंग्लंडच्या बाजारात मिळू लागल्या. काचेचा बिघाड दूर झाला, तरी पेन्सिल राहिलीच. १९३० नंतरच्या दशकातील जॉर्ज हरेल यांची हॉलिवूडची व्यक्तिचित्रे याची साक्ष देतात.

१९९० मध्ये आलेल्या फोटोशॉपने उजळ करणे व गडद करणे सारखेच सोपे केले. २७ जून १९९४ च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर खुनाचा आरोप असलेल्या (व पुढे १९९५ मध्ये निर्दोष सुटलेल्या) ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसी छायाचित्र काळवंडून छापले गेले. तेच छायाचित्र 'न्यूजवीक'ने फेरफार न करता छापल्यामुळे दोहोंतील अंतर सर्वांच्या डोळ्यांत भरले. येथे डाग पुसण्याचा प्रश्नच नव्हता; त्वचेची छटा बदलताच आरोपीविषयीचे वाचकाचे मत बदलू शकते, हा आक्षेप होता.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचा बांधा बारीक वा जाड केलेल्या जाहिरातींवर तसा उल्लेख सक्तीचा झाला. त्वचा आणि केस यांविषयी मात्र तो नियम मौन बाळगतो. पेन्सिलीचे जुने क्षेत्र त्याने मोकळेच ठेवले आहे.