दहीहंडी फोडणारे यंत्रमानव

दहीहंडी माणसांनीच फोडावी असे थोडेच आहे? ‘रोबोकॉन’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धा आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ मध्ये टोकियोत सुरू केली. यजमान देश आपल्या परंपरेतून खेळ सुचवतो. २००८ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भारताने मांडला तो गोविंदाचा खेळ. उंचावरील हंडीतले ‘लोणी’ यंत्रांनी पळवायचे!

एक यंत्र विद्यार्थी चालवतो. स्वयंचलित यंत्रांना मात्र कळ दाबल्यावर दिशा दाखवता येत नाही. खरी कसोटी तेथेच. जमिनीवरील पांढऱ्या रेघेवरून प्रकाश अधिक परावर्तित होतो. यंत्राच्या तळाचे संवेदक तो फरक टिपतात आणि त्यानुसार डाव्या-उजव्या चाकांचा वेग बदलतो. म्हणूनच महाविद्यालयाच्या कार्यशाळेत बिनचूक धावणारे यंत्र स्पर्धेच्या प्रखर दिव्यांखाली भरकटू शकते. सामना अवघा तीन मिनिटांचा. कित्येक महिन्यांच्या जागरणांचा निकाल तेवढ्यात लागतो.

त्या वर्षी विजेतेपद चीनने पटकावले. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा ‘पालक’ यंत्राला ‘बाळ’ यंत्र सी-सॉ आणि झोक्यावर खेळवायचे होते. बाजी मारली व्हिएतनामने.