तारेचा अँटेना (हौशी रेडिओ)

घरच्या घरी बांधता येणारा, स्वस्त आणि भरवशाचा अँटेना. त्याचे मूळ रूप अर्धतरंग डायपोलचे: तांब्याच्या तारेचे दोन सारखे बाहू, मध्ये इन्सुलेटर आणि तिथून खाली उतरणारी कोॲक्सिअल केबल.

लांबीचे सूत्र सोपे आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर येते. तार मात्र थोडी जास्तच ठेवावी, कारण कापलेली तार पुन्हा वाढत नाही. समजा, एसडब्ल्यूआर (स्थिर तरंग गुणोत्तर) मीटरवर सर्वांत कमी आकडा ६.९५ मेगाहर्ट्झला दिसला, तर तार लांब आहे. दोन्ही टोकांकडून साधारण २२-२२ सेंटिमीटर कमी करायचे. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट पिळले, तर चूक सुधारायला वाव राहतो.

मोकळ्या अवकाशात डायपोलचा रोध सुमारे ७३ ओहम असतो, तर नेहमीची केबल ५० ओहमची. मधला भाग उंच बांधून बाहू उतरते सोडले, म्हणजे उलट्या ‘व्ही’सारखे, की हा रोध ५० च्या जवळ येतो. गच्चीवर एकच खांब असणाऱ्यांना ही रचना फारच सोयीची.

केबलच्या बाहेरच्या आवरणावरून प्रवाह परत येऊ नये म्हणून मध्यबिंदूशी १:१ बॅलन लावतात. अँटेना ट्यूनर ट्रान्समीटरला योग्य भार दाखवतो, पण केबलमधली हानी भरून काढत नाही. म्हणून आधी तारेची लांबी जुळवणेच उत्तम.

प्रक्षेपण करताना टोकांशी उच्च व्होल्टेज असते, त्यामुळे ती हाताच्या टप्प्याबाहेर आणि वीजवाहिन्यांपासून दूर हवीत. भारतात प्रक्षेपणासाठी परवाना अनिवार्य आहे.