आडव्या रेघांचं चित्र आणि नागपूर-बेळगाव

परवा आपल्या होटगीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. दिवस भरायच्या आधी कळा आल्या तर स्टेरॉइडचं स्वस्त इंजेक्शन घ्या, बाळ वाचतं. खरं आहे का हो, असं दोघींनी विचारलं. एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून जरा मागं जातो.

१९७२ साली न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवलं, की या औषधानं कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पुढं आणखी चाचण्या झाल्या, पण बहुतेक छोट्या. सुटी सुटी वाचली तर 'नक्की सांगता येत नाही' एवढंच हाती लागायचं. डॉक्टर कचरत राहिले. सगळ्या एकत्र मांडायला १९८९ उजाडलं.

ते चित्र वाचायला सोपं आहे. मधली उभी रेघ म्हणजे फरक नाही. प्रत्येक चाचणीची एक आडवी रेघ. लांब असेल तर खात्री कमी, आखूड असेल तर जास्त. उभ्या रेघेला शिवली तर ठाम काही म्हणता येत नाही. खाली पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण, तो सगळ्यांचा मिळून निकाल. इथं ती स्पष्ट डावीकडं होती, म्हणजे मृत्यू कमी. १९९३ साली निघालेल्या कॉक्रेन संस्थेनं हेच चित्र आपलं बोधचिन्ह केलं. मधल्या वर्षांत किती बाळं उगाच गेली असतील!

पण या रेघा दवाखान्यांतल्या होत्या. खेड्यापाड्यांत काय होतं, हे सहा देशांत तपासलं गेलं. त्यात आपलं नागपूर आणि बेळगाव होतं, आणि सुमारे एक लाख बाळंतपणं. २०१५ साली निकाल आला. जिथं हे इंजेक्शन द्यायची मोहीम राबवली तिथं दर हजारी २७.४ नवजात बाळं दगावली, जिथं नाही तिथं २३.९. उलटंच! ज्यांना इंजेक्शन दिलं त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ कमी दिवसांचं नव्हतंच. दिवस मोजण्यातच घोळ होता.

मग पाच देशांतल्या २९ दवाखान्यांत, दिवस नीट मोजून, पुन्हा चाचणी झाली. बेळगाव यातही होतं. २०२० चा निकाल: औषध दिलेल्या गटात १९.६ टक्के बाळं गेली, न दिलेल्या गटात २३.५.

तेव्हा त्या दोघींना एवढंच सांगतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, तो कागद जपून ठेवा. लवकर कळा आल्या तर इंजेक्शन शोधत फिरू नका. १०८ ला फोन करा आणि सोलापूर गाठा. द्यायचं की नाही, ते तिथले डॉक्टर तो कागद बघून ठरवतील.